आबा, तुमचा आवा आणि माझी चकती

यूलिश, जर्मनी, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि आबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर दादा बोलता बोलता म्हणाला की नवी स्कूटर रात्री माजघरात चार्जिंगला लावतो, आईच्या खाटेजवळ, प्लग तिथंच आहे म्हणून. तेव्हा मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. दादा, तूच मोठ्यानं वाचून दाखव.

आजपासून स्कूटर अंगणात, पत्र्याखाली. दाराच्या वाटेत अजिबात नको, कारण काही झालंच तर बाहेर पडायची वाट तीच आहे. उन्हातून तापून आली की तासभर निवू द्यायची, मग चार्जिंग. चार्जर तिच्यासोबत आलेलाच वापरायचा, आणि सगळे झोपल्यावर चालू ठेवायचा नाही. बॅटरी पुराच्या पाण्यात भिजली, जोरात आपटली किंवा फुगलेली दिसली, तर ती वापरायची नाही. अशा आगी क्वचित लागतात, मी घाबरवत नाही. पण लागली की बादलीभर पाण्यानं भागत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली होती, ते तुम्हीच टीव्हीवर पाहून मला फोन केला होता.

आई, तू तेव्हा विचारलं होतंस, बंद डब्यात आग येते कुठून? मी घाईत होते, नीट सांगितलं नाही. आता सांगते. बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात आणि मध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा. तो एका द्रवात भिजलेला असतो. चार्ज होताना लिथियमचे भारित कण त्या द्रवातून इकडून तिकडे जातात, गाडी चालताना परत येतात. कण वाहून न्यायला ते द्रव फार चांगलं, पण ते पेट घेणारं आहे. पडदा कुठं फाटला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, सेल तापतो, द्रवाची वाफ होते, ती पेटते, आणि शेजारचा सेलही तापायला लागतो. मग ते थांबत नाही.

माझं काम त्या द्रवाच्या जागी न पेटणारी घन वस्तू बसवण्याचं आहे. आणि आबा, ती वस्तू म्हणजे तुमच्या माठांसारखी भाजलेली मातीच आहे.

अगदी आपल्या ओढ्याकाठची नाही, पण जात तीच. सोडियम, झिर्कोनियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि ऑक्सिजन. म्हणजे मिठातलं एक, वाळूतलं एक, खतातलं एक, आणि झिर्कोनियमही आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडतं. या पदार्थाला नासिकॉन म्हणतात. आईला ते नाशिक ऐकू आलं होतं, आणि मी नाशिकला बदलून येणार म्हणून तिनं शेजारी सांगूनही टाकलं. आई, अजून तरी नाही गं. पुण्यातही सोडियमच्या बॅटरीवर काम चालतं, मी तिकडे डोळा ठेवून आहे.

लिथियम सोडून सोडियम का? लिथियम मोजक्या देशांत निघतं आणि आपल्याला ते बाहेरून आणावं लागतं. सोडियम समुद्रभर पडलं आहे. शिवाय लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पत्रा लागतो, सोडियमला तिथंही ॲल्युमिनियम चालतं. पण सोडियमची बॅटरी आली म्हणजे आगीची भीती गेली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आज मिळणाऱ्या सोडियमच्या बॅटरीतही तसंच पेटणारं द्रव असतं. ते काढल्याशिवाय माझ्या मनाला समाधान नाही.

नासिकॉन १९७६ सालचं आहे. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या लिंकन प्रयोगशाळेत हाँग आणि गुडइनफ यांनी ते केलं. त्याच्या आत अणूंची अशी जाळी आहे की मधल्या बोळांतून सोडियमचे कण सरकत जातात, आणि तेही साध्या खोलीच्या तापमानाला. हेच गुडइनफ २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ९७ वर्षांचे होते. आबा, तुम्ही ७१ व्या वर्षी चाक गुंडाळून ठेवलंत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझा आवा, म्हणजे माझी भट्टी. नासिकॉनची भुकटी दळायची, साच्यात दाबायची, पाच रुपयांच्या नाण्याहून लहान चकती करायची आणि साधारण १२५० अंशांवर भाजायची. आपला आवा पाचट आणि गोवऱ्यांवर आठशे-नऊशेपर्यंत जात असेल. माझ्या भट्टीच्या एवढ्या तापाला सोडियम चकतीतून वाफ होऊन पळायला लागतं, फॉस्फरसही जातो, आणि मागं झिर्कोनियाचे कोरडे खडे राहतात. त्यातून काही सरकत नाही. म्हणून आम्ही सोडियम आधीच थोडं जास्त घालतो आणि चकती त्याच भुकटीत पुरून भाजतो, तुम्ही बोळकी राखेत दाबून लावायचात तशी. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आपलं अंगण आठवलं.

आणि हे तर तुम्हाला सांगायचंच होतं. इथून जवळ, कोलोनच्या अलीकडे, फ्रेखेन नावाचं जुनं कुंभारांचं गाव आहे. तिथले कुंभार सोळाव्या शतकात दाढीवाल्या माणसाचं तोंड उठवलेले सुरया-बुधले करायचे. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास लाल झाली की वरून मूठमूठ मीठ टाकायचे. मिठातलं सोडियम वाफ होऊन भांड्यावर बसायचं आणि मातीतल्या वाळूशी मिळून काचेसारखी झिलई व्हायची, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. ज्या सोडियमच्या पळण्यानं मी हैराण आहे, त्यानंच त्यांचं पोट भरलं. तिथल्या संग्रहालयात मी एका बुधल्यासमोर बराच वेळ उभी होते. तुम्ही हवे होतात.

चकतीत बारीकशीही पोकळी राहिली तर सोडियम धातू तिथून वाढत जातो, पिंपळाचं मूळ भिंतीत शिरावं तसा, आणि दुसऱ्या बाजूला पोचला की सगळं वाया. म्हणून ती घट्ट भाजली पाहिजे. तुम्ही माठ बोटानं वाजवून सांगायचात कच्चा की पक्का. मी चकती आधी हवेत आणि मग द्रवात बुडवून तोलते. दुसरी अडचण अशी की चकती कठीण असते. दोन भाजलेली कौलं एकमेकांवर ठेवली तर चार ठिकाणीच टेकतात ना, तसं तिचं बॅटरीच्या दोन्ही बाजूंशी होतं, आणि सोडियमला जायला वाट कमी मिळते. सल्फाइडची, म्हणजे गंधक असलेली, एक मऊ जात आहे, ती न भाजता नुसती दाबली तरी बसते. जपानमध्ये ओसाकाच्या लोकांनी २०१२ मध्ये तिच्यावर छान काम केलं. पण तिला दमट हवा लागली की सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू सुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात असली वस्तू घराघरांत द्यायला माझं मन धजत नाही. मी भाजलेल्या मातीबरोबरच राहणार.

नंतर ही चकती कागदासारखी पातळ करायची आहे. आई तव्यावर धिरडं पसरते तसं पीठ पसरून. ते अजून नीट जमलेलं नाही.

आबा, सध्या माझ्या चकत्यांना निवताना काठाला तडे जात आहेत. या महिन्यात नऊ गेल्या. चूक माझीच आहे, कुठेतरी घाई होते आहे. तुम्ही आवा विझल्यावर किती वेळ उकलायचा नाहीत? वाऱ्याच्या दिवशी कुठल्या बाजूनं राख जास्त ओढायचात? रांजण आणि पणत्या एकाच आव्यात लावल्या तर कोण कुठं असायचं? मी लहानपणी सगळं पाहिलं, पण विचारलं नाही. दादा, आबा सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत लिहून घे, सुधारू नकोस.

इथं आता बीटाचा हंगाम आहे. साखर कारखान्याकडे बीट भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि संध्याकाळी कराडच्या बाजूला येतो तसाच गोडसर वास येतो. आईनं दिलेला मसाला अजून पुरतो आहे.

स्कूटर बाहेर काढली की मला तेवढा मेसेज करा.

तुमची,
सुमी