सोसायटीच्या सेक्रेटरीने टू-डू लिस्ट कशी वापरावी

संपादक साहेब, नमस्कार.

सप्टेंबर जवळ आला की आमच्या ठाण्यात कितीतरी सोसायट्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते, वार्षिक सभा 30 तारखेच्या आत घ्यायची असते आणि ऑडिटरचा रिपोर्ट हातात नसतो, नोटीस तयार नसते, हॉल मिळत नसतो. मी चार वर्षं आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि पहिलं दीड वर्ष मी पण असंच काढलं. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आपण मेंटेनन्सची बिलं काढतो त्यावरच टू-डू लिस्टचं फुकट अ‍ॅप चालतं, पण बरेच लोक ते दोन आठवडे वापरतात आणि सोडून देतात. अ‍ॅप चांगलं असतं, त्यात लिहायची पद्धत चुकते.

मी मायक्रोसॉफ्ट टू डू वापरते. सुरुवातीला मी त्यात नुसतं "लिफ्ट", "फायर", "टीडीएस" असं लिहून ठेवायची. रोज सकाळी ते शब्द दिसायचे आणि मी पुढे जायची, कारण "फायर" वाचून नक्की करायचं काय तेच कळत नाही ना. त्या वर्षी आमचा जुलैचा बी फॉर्म राहिला. बी फॉर्म म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं लायसन्स असलेल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, ते वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, आणि आमच्याकडे ऑगस्ट संपेपर्यंत कोणी एजन्सीला फोनच केला नव्हता. सात मजल्यांची बिल्डिंग आहे, वरच्या मजल्यांवर वयस्कर माणसं एकटी राहतात, तेव्हा मला खरंच रात्री झोप लागली नव्हती.

आता मी लिहिते "एजन्सीला फोन करून तपासणीची तारीख घेणे". काम म्हणजे वाक्य, आणि वाक्यात क्रियापद पाहिजेच. बाकीचे बारीक टप्पे त्याच कामाच्या आत टाकता येतात, म्हणजे पंप चालू करून बघणे, होज रील (आग विझवायचा गुंडाळलेला पाइप) बघणे, सर्टिफिकेट अपलोड करणे, आणि एकेकावर टिक करत जायचं.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आपण शेवटची तारीख टाकतो आणि रिमाइंडर त्याच दिवशी वाजतो, तेव्हा उपयोग काय? टीडीएस, म्हणजे बिलं देताना कापून घेतलेला कर, 7 तारखेपर्यंत भरायचा असेल तर माझ्या यादीत ते काम 1 तारखेला येतं. सभेचं तर उलटं मोजत जायचं, सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी सभासदांच्या हातात पाहिजे, त्याआधी कमिटी मीटिंगमध्ये हिशोब पास व्हायला पाहिजेत, त्याआधी ऑडिट, म्हणजे ऑडिटरला पहिला फोन एप्रिलमध्येच जायला हवा. ही प्रत्येक पायरी वेगळं काम म्हणून वेगळ्या तारखेला टाकली की सप्टेंबर शांत जातो, गेली दोन वर्षं आमचा गेलाय.

आणि रिपीट लावा! महिन्याचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं, सगळं लावता येतं, टिक केली की पुढचं आपोआप तयार होतं. फक्त काम झाल्यावर डिलीट करू नका, टिक करा, डिलीट केलं तर पुढची सगळी साखळीच जाते. टाकी धुण्यापासून लिफ्टच्या इन्स्पेक्शनपर्यंत मी सगळं असं लावलंय. पैसे भरल्याच्या चलनाची पीडीएफ पण त्या कामालाच जोडून ठेवते आणि पीडीएफ जोडल्याशिवाय टिक करत नाही.

त्यात "माय डे" म्हणून एक पान आहे ते रोज रात्री 12 वाजता रिकामं होतं. बरेच जण घाबरतात की कामं गेली, पण कामं जात नाहीत, आपापल्या यादीत तशीच असतात. सकाळी चहा घेताना मी तिथे चार-पाचच कामं ओढते, जास्त नाही, कारण नोकरी आणि घर सांभाळून त्यापेक्षा जास्त होतच नाही. कंट्रोल आणि एन दाबलं की नवीन काम लगेच लिहिता येतं, त्यामुळे कोणी फोनवर गळतीची तक्रार केली की ती बोलता बोलताच टाईप होते.

सगळ्या कमिटीला एक विनंती आहे, ही यादी सेक्रेटरीच्या स्वतःच्या अकाउंटवर बनवू नका. सोसायटीच्या ईमेल आयडीने बनवा आणि चेअरमन, खजिनदार यांना शेअर करा, कोणतं काम कोणाचं ते पण त्यात नेमून देता येतं. मी पद घेतलं तेव्हा मला दोन फायली आणि कपाटाची किल्ली मिळाली होती, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, शेवटचं कधी झालं हे शोधायला तीन आठवडे गेले. पुढच्या वर्षी आमची निवडणूक आहे, नवीन सेक्रेटरीला मी त्या ईमेलचा पासवर्ड देणार आहे आणि एका रविवारी शेजारी बसून पूर्ण यादी दाखवणार आहे.

- एक सेक्रेटरी, ठाणे