चामखिळीच्या औषधाबद्दल आणि स्पष्ट बोलण्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

माझ्या मुलाच्या हातावरील चामखिळी पूर्ण गेल्या, हे कळवण्यासाठी आणि त्याचे श्रेय घेण्यास आपण आधीच नकार दिला होता त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चामखीळ म्हटली की घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधण्यापासून चुना आणि सोडा लावण्यापर्यंत सल्ल्यांना तोटा नसतो. आपण मात्र आधी भिंग काढले आणि बोटावरच्या त्या खडबडीत उंचवट्यातील काळे ठिपके, जे ‘मूळ’ समजून लोक नखाने उकरत बसतात, ते रक्त गोठलेल्या केशवाहिन्या असल्याचे दाखवले. हा एचपीव्ही विषाणूचा संसर्ग असून उकरल्याने व नखे कुरतडल्याने तो शेजारच्या त्वचेत पसरतो, म्हणून टॉवेल वेगळा ठेवा, ही आपली सूचना घरात सर्वांत उपयोगी पडली.

आजीच्या आग्रहाखातर आपण थुजा ३० (थुजा नावाच्या झाडाच्या अर्कापासूनच्या होमिओपॅथिक गोळ्या) दिलेत. सोसायटीच्या बागेतली मोरपंखी ती हीच का, या मुलाच्या प्रश्नावर, ही उत्तर अमेरिकेतली, मोरपंखी तिच्या नात्यातली, असे आपण हसून सांगितलेत. मग शंभरात एक भाग असे तीस वेळा विरल केल्यावर मूळ अर्काचा रेणूही गोळीत उरण्याची शक्यता नसते, आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर थुजासह दिलेली होमिओपॅथिक औषधे नुसत्या साखरगोळ्यांपेक्षा सरस ठरली नव्हती, हेही न लपवता सांगितलेत. मुलांच्या बऱ्याचशा चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात, हे आपल्याच तोंडून ऐकले. होमिओपॅथीचाच दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी हे सांगणे (आणि तेही औषध हातात देताना!) मला फार मोलाचे वाटते.

वाढल्या, दुखू लागल्या किंवा रक्त आले तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, असे आपण बजावले होते. दुकानात मिळणारे सॅलिसिलिक अ‍ॅसिड चेहऱ्याला लावू नये, आणि आजींना मधुमेह असल्याने त्यांच्या पायाला तर घरच्या घरी मुळीच नाही, हेही आपण आठवणीने सांगितलेत. आजींनी बाटली आणवलीच होती.

त्यांच्या मते गुण गोळ्यांचाच आहे. त्यावर आमच्या घरी वाद अजून चालू आहे.

शेजारच्या मुलीच्या गुडघ्यावर तशीच चामखीळ आली आहे. तिच्या वडिलांना आपला पत्ता दिला आहे.

आपली कृतज्ञ,
एका शाळकरी मुलाची आई