वस्ताद, सलाम घ्या

वस्ताद,

परभणीतल्या आम्हा जुन्या बुलेटवाल्यांकडून हे आभाराचं पत्र. गाडी ३५० ची, ब्लॉक लोखंडी, अन् स्टँडखाली रोजचं ऑइलचं थारोळं. असं दिसलं की लोक आधी पॅकिंग (सांध्यातली गळती रोखणारा पातळ थर) बदलतात. तुम्ही पान्याला हातच लावला नाही. रॉकेलनं इंजिन धुतलं, सुकल्यावर अंगाची पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटं चालवलं. पावडरीत ओली रेघ जिथं सुरू होते तिथं खोट; थेंब पडतो ती जागा बहुतेकदा भलतीच असते.

डिपस्टिकचं, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीचं, गणित तर तुमच्यामुळेच कळलं. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपाच्या झिजलेल्या डिस्कमधून (चकतीतून) क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, झिरपतं. मग काडी कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर ओततो, आणि गाडी सुरू झाल्यावर तेच जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) बाहेर येतं. शिव्या खातं पॅकिंग! म्हणून पाच मिनिटं चालवून, बंद केल्या केल्या काडी बघायची. डिस्क मात्र व्हॉल्व्हच्या बारीक पेस्टनं बैठकीवर अर्धा-अर्धा वेढा फिरवत घासायची, आणि पेस्टचा कणही राहू नये इतकी धुवायची.

खरी गोम ब्रीदरच्या रबरी चोचीत होती. पिस्टन खाली येताना ३४६ सीसी हवा ढकलतो. ती चोचीतून निघते, पिस्टन वर गेला की चोच मिटते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर, त्यात धूळ. रबर कडक झालं की आत दाब साठतो आणि ऑइल प्रत्येक सांध्यातून वाट काढतं. चिल्लर किमतीचा तुकडा, त्यापायी लोक इंजिन उतरवतात.

चेनकेसचं (इंजिनच्या बाजूच्या चेनच्या पेटीचं) कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. जास्त आवळलं तर मधे दबतं, कडेला फाकतं. रबर नवं टाकून नट बेतानंच आवळायचा, हेही ध्यानात ठेवलंय.

गरम झाल्यावर गाडी मिस मारायची, ते एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचा टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा खुंटा) ताठ असल्यानं. तपासायचं ते थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून. पुशरॉड (टॅपेटवरचा उभा दांडा) दोन बोटांनी फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. व्हॉल्व्ह जळायच्या आत सापडलं, हे उपकार मोठेच.

तुमचं फिलर गेज (फट मोजायची पाती) सोबत पाठवतोय. पॉइंटचा (ठिणगीच्या स्विचचा) गॅप लावताना ०.३८ मिमीचं पातं जरा वाकलंय, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचे,
परभणीचे बुलेटवाले