पृथ्वी मोजणाऱ्या दुर्बिणी आणि त्यांचे चालक

महोदय,

खोडद परिसरातील 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांमुळे रेडिओ दुर्बिणी पुणे जिल्ह्याला परक्या नाहीत. मात्र रेडिओ दुर्बिणींनी पृथ्वीही मोजली जाते, हे फारसे कुणी सांगत नाही. अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या क्वेसारच्या (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) रेडिओ लहरी दोन खंडांवरील दुर्बिणींपर्यंत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात आणि हायड्रोजन मेसर या अतिशय अचूक अणुघड्याळांच्या आधारे तो फरक मोजून त्या दुर्बिणींमधील हजारो किलोमीटरचे अंतर काही मिलिमीटरपर्यंत अचूक काढता येते.

या अचूकतेचा भार अशा प्रत्येक दुर्बीण केंद्राच्या चालकांवर असतो. चोवीस तासांच्या सत्रात दुर्बीण वेळापत्रकाबरहुकूम एका क्वेसारकडून दुसऱ्याकडे वळत राहते. त्या काळात अतिशीत ठेवलेला रिसीव्हर (लहरी टिपणारे उपकरण), घड्याळाचे हळूहळू पुढे-मागे होणे, केबलमधील विलंब आणि हवेचा दाब यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि वारा फार वाढला तर अँटेना सुरक्षित स्थितीत आणावी लागते. एका केंद्राची नोंद बिघडली, तर त्या केंद्राचे इतर सर्व केंद्रांशी होणारे मोजमाप वाया जाते. म्हणूनच हे काम दुय्यम समजणे मला अन्यायाचे वाटते.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत असताना ते सरकणे मोजण्यासाठी अशी केंद्रे आपल्याकडे हवीतच. खोडदच्या अँटेना तुलनेने कमी वारंवारतेसाठी बांधलेल्या असल्याने त्यासाठी वेगळी, चपळ दुर्बीण लागेल. तिच्या चालकांचे प्रशिक्षण मात्र पुण्यातील तंत्रनिकेतनांत आतापासूनच सुरू करता येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे