ज्यांचं नाव अंकात नाही, त्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

शाळेच्या वार्तापत्राच्या श्रेयनामावलीत तुम्ही तुमचं नाव येऊ दिलं नाहीत. ‘मुद्रितशोधकाचं नाव वाचायला कोण अंक उघडतं?’ म्हणालात आणि स्वतःच्याच नावावर काट मारलीत. प्रूफावर तुमचा शब्द शेवटचा, त्यामुळे आम्ही गप्प बसलो. पण या पत्राचं प्रूफ तुमच्याकडे येणार नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव इथेही टाकत नाही. प्रभादेवीच्या आमच्या शाळेतल्या पालकांना कळेलच.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वार्तापत्राचं काम आम्हा तिघी आयांच्या गळ्यात पडलं, तेव्हा तुमची नात चौथीत आहे एवढ्या ओळखीवर तुमच्याकडे आलो. गिरगावातल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस, आधी मजकूर मागेल असं वाटलं होतं. तुम्ही मागितलेत दोन कोरे कागद. ते एकात एक दुमडून आठ पानं केलीत, पेन्सिलीने आकडे घातलेत आणि पुन्हा उलगडलेत. पहिल्याच्या शेजारी आठवं, दुसऱ्याच्या शेजारी सातवं! वाचताना समोरासमोर येणारी आणि एकाच कागदावर सलग छापली जाणारी पानं फक्त चार आणि पाच. मुलांचं लांबलचक चित्र तिथेच का गेलं, ते आता वर्गशिक्षिकाही सगळ्यांना समजावून सांगतात.

दुमडलेल्या कागदांच्या त्या नमुन्याने, तुमच्या भाषेत ‘डमी’ने, आमचं केवढं रक्षण केलं! स्नेहसंमेलनाच्या फोटोंसाठी ‘दोनच पानं वाढवा’ अशी सूचना आली, तेव्हा आम्ही तीच पुढे केली. मध्ये पिन मारायची तर पानं चाराच्या पटीतच वाढणार, आठानंतर थेट बारा. बारा पानांचा खर्च ऐकल्यावर कोणी आग्रह धरला नाही आणि शाल-श्रीफळाचे फोटो एकावर आले. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

छपाईच्या बाकीच्या भानगडी तुम्ही चुटकीसरशी सोडवल्यात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका, मूळ फाइल मागा. मुलांची नावं हजेरीपटाशी ताडून बघा, एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने खूण करायची. मात्र ‘ल’वर तुम्ही अडून बसलात. आमच्या फाइलमध्ये तो हिंदी वळणाचा उमटत होता. ‘पोरं वहीत दोन पाकळ्यांचा ल काढतात आणि त्यांच्याच अंकात वेगळा?’ एवढंच विचारलंत. २००९च्या शासन निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिले आहेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा मोफत फाँट घेतला आणि अख्खा अंक नव्याने लावला. डीटीपी करणारा मुलगा आधी कुरकुरला, नंतर स्वतःच प्रत्येक पानावरचे ‘ल’ तपासत बसला.

पण माझे खरे आभार आहेत ते वरळी कोळीवाड्यातल्या त्या मुलीच्या नारळी पौर्णिमेवरच्या लेखासाठी. तिने आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं होतं: ‘दर्या दिसल्याबिगर मना जेवान गोर लागत नाय.’ शाळेचा अंक आहे, प्रमाणभाषा हवी, असं एका बाजूचं म्हणणं. सगळा लेखच घरच्या बोलीत का नाही, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हीत तथ्य होतं, आणि दोन्हीकडची माणसं चिडलेली होती. तुम्ही त्या मुलीलाच बोलावून घेतलंत आणि तिला लेख मोठ्याने वाचायला लावलात. स्वतःचं लिहिलेलं तिने सरळ वाचलं, आजीच्या वाक्याला मात्र आवाजच बदलला. तुम्ही तिच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत आणि आजीच्या वाक्याभोवती अवतरणचिन्हं घातलीत. आत एका मात्रेलाही हात लावला नाहीत. नंतर बाकीचे लेखही आम्ही याच रीतीने तपासले. दुरुस्ती कुठे थांबवायची हे शुद्धलेखनाच्या कुठल्याही नियमावलीत मला सापडलं नव्हतं.

अंक काढायला ६ जानेवारीचा मुहूर्त, हाही तुमचाच हट्ट. १८३२ साली त्याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, एका रकान्यात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी, हे तुम्ही मुलांना सांगितलंत. त्यांनी ऐकलं, पण त्यांचं सगळं लक्ष तुम्ही आणलेल्या शिशाच्या खिळ्यांकडे होतं. उलटं अक्षर कागदावर सुलटं उमटलं की आरडाओरडा! तुमच्या हातांना शाई लागली होती आणि तुम्ही ती पुसायच्या घाईत अजिबात नव्हता, हे आम्ही तिघींनीही पाहिलं.

आजीसाठी कोळीवाड्यात दोन प्रती जास्तीच्या पाठवल्या आहेत. पुढच्या अंकासाठी दोन बाबाही आले आहेत. त्यातले एक बँकेत आहेत, त्यामुळे नावं ताडून बघायचं काम त्यांच्याकडे दिलं. हा अंक २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला काढायचा आहे. सहाव्या पानावर विज्ञान प्रदर्शनाचा मथळा काही केल्या एका ओळीत बसत नाहीये आणि टाइप लहान केलेला तुम्हाला चालणार नाही. शनिवारी संध्याकाळी घरी असाल तर पान घेऊन येते.

तुमची,
सातवीतल्या मुलाची आई