चिमुकल्यांना तंबूत नेताय? आधी हे वाचा

संपादक महोदय, नमस्कार.

थंडी सुरू झाली की पवना, भंडारदरा सगळीकडे तंबू लागतात आणि हल्ली दोन-तीन वर्षांची पोरं घेऊन जाणारे आईबाबा पण खूप दिसतात, चांगलंच आहे, आम्हीही मागच्या डिसेंबरला अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन पवनेच्या काठी गेलो होतो. पण तिथे जे बघितलं ते सांगायलाच हवं म्हणून लिहितेय. रात्री गारठा वाढला तसं शेजारच्या तंबूतल्यांनी बाळाला ऊब मिळावी म्हणून पेटलेली कोळशाची शेगडी आत घेतली आणि तंबूची चेन लावली, कॅम्पवाला बघत होता तरी काही बोलला नाही! आमच्या ह्यांनी जाऊन ती बाहेर काढायला लावली. बंद तंबूत पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. प्लीज असं करू नका. त्यापेक्षा कानटोपी, मोजे, कपड्यांचे दोन-तीन थर आणि अंगाखाली जाड सतरंजी घ्या, जमिनीतून थंडी फार चढते.

तंबू पण अगदी पाण्याला लागून असतात, म्हणून बुकिंग करतानाच लांबचा मागा. जायच्या आधी घरी हॉलमध्ये एक रात्र तंबूत झोपून बघा, आमची लेक रडली ती घरीच, तिथे मस्त झोपली. सोबत ओआरएस, तापाचं औषध डॉक्टरांना डोस विचारून, बॅटरी, आणि अँब्युलन्सचा 108 नंबर ठेवा.

तंबूत शेगडी नेऊ नये असा बोर्ड प्रत्येक कॅम्पवर लागावा, आपल्या पेपरने हे लावून धरावं ही कळकळीची विनंती.

- एक आई, पुणे