आधी ‘ऱ्या’ लिहायला शिकवा, मग स्टुडिओ दाखवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की नागपुरात चौकाचौकांत ‘मास कॉम’चे फलक झळकू लागतात. हिरवा पडदा, खांद्यावरचा कॅमेरा, हातात बूम धरलेली हसतमुख निवेदिका. आईवडील स्टुडिओ बघायला जातात, एसीची गार हवा लागते आणि तिथेच शुल्काची पावती फाटते. या शहराला हा विषय नवा नाही. ‘हितवाद’ १९११ पासून इथला, हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचे शिक्षण पन्नाशीच्या दशकापासूनचे, नागपूर विद्यापीठाने तर शंभरी ओलांडली. तरी प्रवेश घेताना विचारायचा पहिला प्रश्न कुणी विचारत नाही: आठवड्याला किती मिनिटे यंत्र विद्यार्थ्याच्या हातात येणार?

हिशेब सोपा आहे. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला (श्रेयांकाला) सत्रात ३० तास धरतात, लेखी विषयाला १५. चार क्रेडिटचे प्रात्यक्षिक म्हणजे १२० तास. १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ८ तास. वीस जणांच्या तुकडीला दोन कॅमेरे असतील तर एका कॅमेऱ्यावर दहा जण, म्हणजे एकाच्या वाट्याला आठवड्याला ४८ मिनिटे. तीही एकही तासिका बुडाली नाही तर. तुकडी साठची असेल तर उरतात १६ मिनिटे, आणि ती ट्रायपॉड उघडून समतल करण्यातच जातात.

म्हणून महाविद्यालयांनी माहितीपुस्तिकेत स्टुडिओच्या फोटोच्या जागी यंत्रे, तुकडी आणि तासिकांचा तक्ता छापावा. विद्यापीठाने पहिल्याच सत्रात मराठी टंकन, आवाज आणि पडताळणी या तिघांना प्रात्यक्षिकाचे स्वतंत्र गुण ठेवावेत. या तिन्हींना कॅमेरा लागतच नाही, ही आणखी एक सोय.

आधी टंकन. रोमन अक्षरांत लिहायचे आणि मोबाइल सुचवेल ते मराठी उचलायचे, ही सवय गप्पांना चालते, बातम्यांच्या डेस्कवर चालत नाही. यंत्र रोजच्या वापरातला शब्द सुचवते. आडनावे आणि गावांची नावे ते मनानेच बदलून टाकते, आणि घाईत ते नजरेतून सुटते. विंडोज, मॅक, लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आयता आणि फुकट मिळतो; भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात तो आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. रोज अर्धा तास दिला तर सहा-आठ आठवड्यांत बोटे कळफलकाकडे न बघता चालू लागतात. नियम एकच: उच्चाराच्या क्रमाने टंकायचे. ‘कि’ हवी तर आधी क, मग वेलांटी. जुन्या टंकयंत्राच्या सवयीने वेलांटी आधी दिली की ती मागच्या अक्षराला चिकटते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत राहते.

आणि तो ‘ऱ्या’. शेतकऱ्यांची बातमी विदर्भात रोज असते, पण हा शब्द संगणकावर तीन प्रकारांनी लिहिला जातो. पहिला बरोबर: शिफ्ट धरून जेची कळ म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग डीवरचा पाय मोडायचा हलन्त, मग स्लॅशच्या कळीवरचा य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या बातम्या हाती लागतीलच याची खात्री नाही. तिसरा प्रकार सरळ चूक: रफार देऊन ‘शेतकर्यांना’. यात नुसते दिसणे बिघडत नाही, अर्थही फिरतो. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांतला फरक लग्नघरी विचारावा.

जुन्या फाँटांचे दुखणे वेगळे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत मराठी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. तो मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण आत खिचडीच असते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती अडखळण्याच्या जागा ठरलेल्या: ऱ्य, श्र, द्य, अवतरणचिन्हे आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द. रूपांतरानंतर हे पाच एकेक शोधून पाहण्याचा सराव करून घ्यावा. इनडिझाइनमध्ये पान लावताना परिच्छेदाचा ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला नसेल तर युनिकोड मजकुरातही वेलांट्या उजवीकडे पळतात आणि जोडाक्षरे सुटी होतात. दोष फाँटचा नसतो, तरी अर्धा दिवस फाँट बदलण्यातच जातो.

बातमीचा दुवा मात्र रोमन अक्षरांतच ठेवायला शिकवावे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह दुव्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरे खाते. ‘नागपूर’ या शब्दात मात्रा धरून सहा चिन्हे, म्हणजे दुव्यात ५४ अक्षरे. असा दुवा व्हॉट्सॲपवर कुणी दाबेल का?

आता आवाज. विद्यार्थ्यांचे सगळ्यात जास्त काम इथे बिघडते आणि सगळ्यात कमी तास इथेच दिले जातात. चित्र जरा हलले तरी प्रेक्षक बघतो. शब्द कळला नाही की बोट वर सरकते. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा वायरचा, कपड्याला अडकवायचा लेपल माइक पहिल्या वर्षाला पुरतो. तो हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावायचा, ओढणी किंवा मंगळसूत्र घासणार नाही असा, आणि वायरीचा एक वेढा कपड्याच्या आत चिकटपट्टीने बसवायचा, म्हणजे ओढ माइकवर येत नाही. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळती ठेवायची. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठलेही सॉफ्टवेअर पुरता शिवून देत नाही. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झवर नोंद करावी.

नागपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर. घरी जाऊन बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, घेताना तो बंद करा म्हणायची भीड पडते, आणि नंतर संपादनात ती घरघर काढताना माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे कापणारा फिल्टर पंख्याची गुणगुण कमी करतो. कूलरच्या हवेचा फरफराट वरच्या पट्ट्यांतही पसरलेला असल्याने तो जात नाही. तेव्हा सरळ म्हणावे, ‘काकू, दोनच मिनिटं कूलर बंद करता का?’ कुणी नाही म्हणत नाही. बाइट संपल्यावर कुणी न बोलता त्या खोलीचा ३० सेकंदांचा नुसता आवाज घ्यावा. वाक्ये कापून जोडताना मधल्या फटी त्यानेच बुजतात.

बाहेरचा सराव कळमना बाजारात, बर्डीच्या मेन रोडवर किंवा पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत व्हावा. ढोल-ताशासमोर मोबाइलचा स्वयंचलित आवाज-नियंत्रक आधी सगळे दाबतो, ढोल थांबला की एकदम वर उचलतो. ऐकताना गाडी हिचके देते तसे वाटते. हाताने पातळी ठरवता येईल असे ॲप घ्यावे, ढोलाचा आवाज वेगळा टिपावा आणि माणसाची मुलाखत बाजूच्या गल्लीत घ्यावी. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी लागते, नुसता फोम पुरत नाही. आणि पूर्ण वेळ कानाला हेडफोन. तो न लावता केलेले ध्वनिमुद्रण तपासायलाच घेऊ नये, असे आमचे मत आहे. कडक वाटेल, पण इलाज नाही.

हाच माल वऱ्हाडी बोलीचा असतो हेही लक्षात ठेवावे. यंत्राकडून मजकूर उतरवून घेतला तर ‘काहून’चे ‘काही’ होते आणि ‘करून राहिला’चे भलतेच काही. उपशीर्षके हाताने तपासावीत आणि बोली तशीच ठेवावी. पुणेरी करण्याचे काम कुणी सांगितलेले नाही.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकीचे सगळे शिकवतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० वर राहिले की चित्रात काळे पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० ठेवावे आणि सेकंदाला २५ चौकटींचा पर्याय निवडावा. दुसरे असे की मोबाइल उजेड कमी झाला की चौकटींचा वेग स्वतःच बदलतो. संपादनाचे सॉफ्टवेअर वेग ठरावीक धरून चालते, म्हणून लांबलचक मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. संपादनाला बसण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून फाइल बदलून घेतली की हा त्रास मिटतो. मे महिन्यात मोबाइल उन्हात तापून कॅमेरा बंद पडतो. छत्री आधी मोबाइलवर, मग डोक्यावर.

फाइलींची साठवण हा विषय अभ्यासक्रमात असायला हवा असे ऐकून लोक हसतात. फुल एचडी चित्रीकरण मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी खाते. तासाभराची मुलाखत चार ते आठ जीबी. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सर, पेनड्राइव्ह करप्ट झाला’ हे वाक्य त्यानंतर कमी ऐकू येईल.

पडताळणीसाठी नागपूरकरांना उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुन्हा जोराचा पाऊस झाला की त्या दिवसाच्या चित्रफिती ‘आत्ताच्या’ म्हणून फिरू शकतात. वर्गात अशी एक चित्रफीत द्यावी आणि विद्यार्थ्यांकडून क्रमाने करून घ्यावे: चार-पाच स्थिर चौकटी काढणे, त्या उलट-शोधात (चित्रावरून मूळ शोधणाऱ्या साधनात) टाकणे, दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या, पूल, मेट्रोचे खांब नकाशातल्या रस्त्याच्या चित्रांशी जुळवणे, सावली दिसत असेल तर वेळेचा अंदाज घेणे. गाडीची पाटी एमएच ३१ किंवा ४९ असली म्हणून जागा नागपूर ठरत नाही. गाड्या फिरायलाच असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याची तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते, त्यामुळे मूळ काढणाऱ्याला गाठून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी आणि त्याच्या आधी-नंतरचे फोटोही मागावेत. ज्याने खरेच काढलेत त्याच्याकडे बहुधा एकच फोटो नसतो. दुवा पुसला जाण्याआधी त्याची प्रत इंटरनेट संग्रहात जतन करावी.

याला जोडून प्रत्येकाने माहिती अधिकाराचा एक अर्ज केलाच पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्पही चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये आणि त्याचा निकाल ३० ते ४५ दिवसांत अपेक्षित. म्हणजे अर्ज सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात पडला तरच अपिलापर्यंतचा सगळा प्रवास सत्रात शिकून होतो. अर्ज फसतो तो बहुतेक ‘का’मुळे. ‘रस्ता का झाला नाही’ असे विचारले की माहिती उपलब्ध नाही असे उत्तर येते; कार्यादेशाची, मोजमाप पुस्तिकेच्या नोंदींची प्रमाणित प्रत मागितली की द्यावी लागते.

कायद्याचा पेपर ताजा आहे की शिळा, हे दोन प्रश्नांत कळते. नोट्समध्ये १८६७ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा अजून चालू असेल, तर त्या १ मार्च २०२४ च्या आधीच्या आहेत; त्या दिवसापासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ जिवंत दाखवले असेल, तर २०१५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केल्याची खबर तिथवर पोहोचलेली नाही. बाकी काही राहिले तरी चालेल, पण पीडितेची ओळख उघड करण्याला मनाई करणारे भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आणि पॉक्सोचे (बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचे) कलम २३ पहिल्या वर्षीच शिकवावे. पीडितेचे नाव गाळून गाव, शाळा आणि वडिलांचे दुकान छापले तर ओळख उघड झालीच, हे रील करणाऱ्या हातांना माहीत हवे.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन दारात येते, उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथेच आहे, मराठी पत्रकारितेचे शिक्षण देणारे आयआयएमसीचे (भारतीय जनसंचार संस्थेचे) केंद्र अमरावतीला, म्हणजे विदर्भातच. सरावाला जागा कमी नाहीत. प्रवेशासाठी महाविद्यालय बघायला जाल तेव्हा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे काम दाखवा म्हणा, आणि ते विभागाच्या मोठ्या स्पीकरवर ऐकू नका. स्वतःचा हेडफोन न्या, डोळे मिटून दोन मिनिटे ऐका.

आपले,
माध्यम-शिक्षण आणि वृत्तसंपादनाचे काम करणारे काही वाचक, नागपूर